सीटखालची चिकटपट्टी

अहो,

दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाही. नैवेद्य दाखवला, फोटो पुसला, पण बोलले नाही. आज मात्र बोलायलाच हवं. उद्या खंडेनवमी. तुमच्या गवतकापणीच्या गाडीची पूजा करायची म्हणून साफ करायला घेतली, सीट काढली, आणि खाली काय सापडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ठाऊक आहे ना?

ती बसून चालवायची गाडी तुम्ही मुंबईच्या कुठल्याशा बंगल्याच्या जुन्या सामानातून उचलून इथे आपल्या गावी, नाट्याला आणलीत. सपाट हिरवळीसाठी बनवलेली गाडी आपल्या कातळावरच्या आंब्याच्या बागेत! गाव हसलं. पण तुमची तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेली. "बोटीची इंजिनं सांभाळली, हे तर खेळणं," म्हणायचात. दगडाला लागून पातं वाकलं की ठोकून सरळ केलंत, पट्टा तुटला की भातगिरणीचा बसवलात. बारा वर्षं मी बाजूला उभी राहून तुमच्या हातात पाना दिला. एकदा तरी "बस, चालवून बघ" म्हणालात? "तू बसलीस तर टायर फुटतील," म्हणून शेजाऱ्यांसमोर हसलात मात्र.

सीटखालचा स्विच बिघडला तेव्हा नाइलाजाने तुम्ही माझ्या भावाला बोलावलंत. दिगू लांज्याहून गॅरेज बंद ठेवून आला. नवा स्विच बसवला आणि माझ्यासमोर बजावून गेला, "भावजी, ह्या स्विचला हात लावू नका हां. माणूस उठला की मशीन थांबलीच पायजे. खाली पातं फिरतंय." तुम्ही मान डोलावलीत. तुमची मान डोलली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं!

दसरा झाला आणि त्याच आठवड्यात तुम्ही वाटेतली फांदी बाजूला करायला चालू गाडीवरून उतरलात. गाडी थांबली नाही. उतारावरून सरकत आली आणि पाय पात्याखाली गेला. उरलेलं काम तुमच्या रक्तातल्या साखरेने केलं, जखम चिघळतच गेली. रत्नागिरीच्या दवाखान्यात माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "तुझ्या भावाने स्विच धड बसवलाच नाही. मी उठलो तरी चालूच."

मरणाच्या दारातला माणूस खोटं कशाला बोलेल? मी विश्वास ठेवला. बाराव्याला दिगू आला, तेव्हा साऱ्या भावकीसमोर त्याला दारापुढच्या खळ्यातूनच परत पाठवला. "माझं कुंकू पुसलंस," म्हणाले. तो एवढंच बोलला, "आक्के, मी नीट बसवलेला गो." मी पाठ फिरवली. दोन भाऊबिजा तशाच गेल्या. आपल्या गावची माणसं त्याच्या गॅरेजकडे फिरकेनाशी झाली, हे कानावर येत होतं. बरं झालं, असंच वाटायचं मला. लाज वाटते आता.

आज सीट काढली तर उंदरांनी आत काथ्याचं घर केलेलं. ते झाडलं. खाली दिगूचा स्विच, नवाकोरा, एका बाजूला लोंबकळत होता. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळलेल्या, म्हणजे माणूस उठला तरी इंजिन चालूच, आणि वर माझ्या औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी. हीच पट्टी तुमच्या चष्म्याच्या दांडीला, हीच रेडिओला, हीच बादलीच्या कानाला! पुढच्या वेळी काढायला सोपं जावं म्हणून टोक दुमडून ठेवायची तुमची खोड. ते टोकसुद्धा दुमडलेलं होतं.

का केलंत तेही कळलं. कातळावर गाडी उसळली की तुमची अठ्ठेचाळीस किलोंची काया सीटवरून उठायची आणि इंजिन बंद. दर दहा पावलांवर तेच. वैतागला असाल, मान्य. पण मग आठ दिवस त्या खाटेवर पडून एकदा खरं सांगता आलं नसतं? "माझं चुकलं," एवढे दोनच शब्द! बोटीवरच्या माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून माझ्या भावाची घातलीत?

मी रडले नाही. राग आला की मला काम सुचतं. कार्ब्युरेटर खोलला, आत पेट्रोलचा डिंक झालेला, तो धुऊन काढला. प्लग घासला, पात्याला कानस लावली, शेजाऱ्यांकडून बॅटरी चार्ज करून आणली. शेवटी तुमची पट्टी सोडवून स्विच जोडला आणि सीटवर बसले. तिसऱ्या किल्लीला सुरू झाली. गुडघाभर गवतातून दोन फेऱ्या मारल्या. टायर फुटले नाहीत. माझ्या वजनाखाली सीट इतकी घट्ट बसली, की कातळावर इंजिन एकदाही अडलं नाही.

मग सपाटीवर थांबले आणि पातं चालू ठेवून मुद्दाम जराशी उठले. इंजिन तिथल्या तिथे गप्प. दिगूने काम चोख केलं होतं हो! मी तशीच बसून राहिले, उतरवेना.

आता माझा शब्द ऐका. भाऊबीजेला मी लांज्याला जाणार. विधवेने ओवाळू नये म्हणणारे म्हणोत. ताटात निरांजनाशेजारी ही चिकटपट्टी ठेवीन आणि गॅरेजसमोर चार माणसांदेखत सांगेन, की खोटं माझा नवरा बोलला आणि भावाला मी हाकललं. त्याने दार लावून घेतलं तर पायरीवर बसून राहीन. मग आपल्या खळ्यात भावकी बोलावून तेच पुन्हा सांगेन. तुमचं नाव जाईल. जाऊ दे. दोन वर्षं त्याचं गेलं होतं.

तुमच्या हातात पाना देणारी,
सुनंदा