दोन बोटांनी सुटलेला दांडा

प्रिय बाळ्या,

आधीच सांगून टाकते: माझ्या हाताला काहीही झालेलं नाही. याच हाताने लिहितेय, अक्षर कुठे थरथरलंय का ते बघ. आणि ट्रक विकायचा नाही. रविवारी ज्या माणसाला तू गाडी बघायला पाठवणार होतास, त्याला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर पाणी पी आणि पुढे वाच.

मागच्या खेपेला तू डेअरीच्या दारात माझी वाट बघत होतास. मी टेकडीवरच्या घरांचं दूध घेऊन उतरत होते. वरच्या चिखलात चारही चाकं ओढायला लावणारा तो छोटा दांडा टाकावाच लागतो, आणि खाली डांबर लागलं की काढावा लागतो. तुझे बाबा गेल्यापासून रोज हेच करतेय, झोपेतही करेन. पण त्या दिवशी मेला निघेचना. दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला, जागचा हलला नाही. गाडी आखडलेली, प्रत्येक वळणावर कुरकुरत होती. तशीच डेअरीपर्यंत आणली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. संतापाने रडले रे, दुसऱ्या कशाने नाही. तू नेमकं तेवढंच पाहिलंस. खिडकीतून हात घातलास, चावी काढलीस आणि खिशात टाकलीस.

तू बोलावलेल्या मेकॅनिकने तर कहरच केला. गाडीखाली वाकून बघायचेही कष्ट न घेता म्हणाला, काकू, गाडीचं आणि तुमचं, दोघींचंही वय झालं, आता विकून मोकळ्या व्हा. त्याचं सोड, त्याची जीभच तशी आहे. पण तू मान डोलावलीस, ते मला लागलं. आणि खरं सांगू? नंतर मीही घाबरले. चहाचा कप उचलताना हाताकडे बघायचे. बरणीचं झाकण घट्ट निघालं की बरणी तशीच फळीवर ठेवून द्यायचे. टेकडीवर दुसऱ्याचा टेम्पो जायला लागला, तोही अर्ध्या वाटेपर्यंतच. वरच्या शेवटच्या घरातली म्हातारी डोक्यावर कॅन घेऊन तिथवर उतरायची, असं कानावर आलं आणि जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी कंबर कसली. म्हटलं, हात गेला असेल तर गेला, पण आधी खात्री करणार. गाडी तू शेडमध्ये आणून लावलीस तशीच अडकलेली उभी होती. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक लावून पुढचं एक चाक उचललं. ते जमिनीवरून सुटलं मात्र, टण्णकन आवाज झाला आणि चाक आपोआप गर्रकन फिरलं. मी टुणकन मागे उडी मारली! जरा वेळाने आत हात घालून दांडा ओढला, तर दोन बोटांनी निघाला. दोन बोटांनी, बाळ्या! मी तिथेच जमिनीवर बसून एकटीच वेड्यासारखी हसले.

म्हणजे दांडा ठीक, हातही ठीक. मग ताण कसला? गाडीभोवती फिरता फिरता नजर पुढच्या कोऱ्या टायरांवर गेली. तूच वाढदिवसाला पाठवलेले, पुढचे दोन, दांडा अडकला त्याच्या आदल्याच दिवशी बसवलेले. कपडे वाळत घालायची दोरी काढली, आधी पुढच्या टायरला गुंडाळून बघितली, मग मागच्या. पुढचं चांगलं तीन-चार बोटं मोठं भरलं! मागची बिचारी झिजून लहान झालेली. चारही चाकं एकत्र जुंपली की या मोठ्या-लहानांची ओढाताण होणारच. चिखलात चाकं घसरतात म्हणून भागतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण दांड्याला आवळून धरतो. तू प्रेमाने पाठवलेस आणि मीही कौतुकाने बसवून घेतले, दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आता मागेही तसेच दोन नवे घातलेत, माझ्या पैशाने. काल टेकडीवर जाऊन आले. म्हातारीने कॅन वर चढवला आणि उशीर झाला म्हणून मलाच झापलं. खाली डांबराला लागल्यावर दांडा एका हाताने काढला, दुसऱ्या हाताने रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला टाटा केला.

चावी कुठून आणली म्हणशील. तुझे बाबा चाव्या हरवायचे, म्हणून त्यांनी एक नंबरप्लेटच्या मागे तारेने बांधून ठेवली होती. तेव्हा तुझ्याकडच्या चावीवाचून माझं काही अडलेलं नाही. तरीही हे पत्र त्या चावीसाठीच आहे. त्या दिवशी खिडकीतून आत आलेला तुझा हात मी बघितला होता, बाळ्या. थरथरत होता तो. बाबा गेले त्या दिवशी आला तसा फोन पुन्हा येईल, याचीच तुला धास्ती आहे ना? मला ती कळते, पण तिच्यापायी मी घरात बसणार नाही. चावी पोस्टाने पाठवू नकोस, रविवारी स्वतः घेऊन ये. बसस्टँडवर मी ट्रक घेऊन येते, माझ्या शेजारी बस, टेकडीवर जाऊन येऊ. खाली डांबर लागलं की दांडा तू काढ. दोन बोटं पुरतात.

तुझीच, आणि गाडीचीही,
आई