सील शाबूत, ओरखडा नवा

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडीवर पुन्हा ओरखडा! डाव्या बाजूला, पुढच्या भागावर, वीतभर. परवा नव्हता. म्हणजे मी पाहिला नव्हता — आणि मी पाहिलं नाही असं सहसा होत नाही. अठ्ठावीस वर्षं वीज खात्यात काढली, त्यातली अकरा वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात. तारेवर टाकलेला आकडा मला लांबून दिसायचा. दार उघडणाऱ्याच्या तोंडावरून कळायचं की याच्या मीटरला हात लागलाय.

ही बॅटरीवरची दुचाकी संघर्षने, माझ्या मुलाने, निवृत्तीनंतर घेऊन दिली. तो वारणानगरला डेअरीत असतो, शनिवारी घरी येतो. दोन वर्षं ही गाडी मी तान्ह्या पोरासारखी सांभाळली. चार्जिंग माझ्या डोळ्यांसमोर, रात्रभर कधीच नाही. ओल्या हाताने प्लगला शिवायचं नाही. चाळीसच्या वर वेग नाही. मला हेल्मेट, आणि नातीला, शिवानीला, छोटं गुलाबी हेल्मेट. आमच्या गल्लीत हेल्मेट घालणारी दोनच माणसं आहेत, आणि त्यातलं एक चौथीत शिकतं. गाडीला आवाज नाही म्हणून प्रत्येक बोळाच्या तोंडाशी हॉर्न. अख्खा कसबा बावडा मला ‘पीपी आबा’ म्हणतो. म्हणू दे!

अशा गाडीवर ओरखडा आपोआप येत नाही. कोणीतरी आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला संशय — शेजारचा गुंडू. दोन म्हशी, एक बुलेट, तोंडात कायम तंबाखूचा मावा. आमचं अंगण सामाईक. बुलेट लावतो ती नेमकी माझ्या गाडीच्या डाव्या अंगाला.

सरळ विचारलं. म्हणाला, “न्हाय वो सायेब. माझी बुलेट हाय. तुमच्या मिक्सरला घासून तिचं नाव खराब करू व्हय?”

मिक्सर म्हणाला! हसत होता. चोर हसतोच. हे मी अकरा वर्षं बघितलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शिवानीला शाळेत सोडलं. संविधान दिनाला तिला शाळेत प्रस्तावना म्हणायची आहे, ती मागे बसून पाठ करते. छान म्हणते. पण एक वाईट खोड लागली आहे. म्हणता म्हणता मध्येच थांबते आणि माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारते. कधी एक, कधी दोन. मग पुन्हा सुरू.

“काय गं?” म्हटलं की, “काय न्हाय आबा.”

मागे बसणाऱ्याने चालवणाऱ्याला हात लावायचा नसतो, हे शंभरदा सांगितलं. दोन थापा बसल्या की मी चिडतो आणि हात आपोआप ब्रेकवर जातो. ही सवय मोडली पाहिजे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कारखाने सुरू झालेत. रस्ताभर ट्रॅक्टर. एकामागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागे लाल फडकं सुद्धा नाही. शाळेला सुट्टी, म्हणून एकटाच गेलो होतो. एका ट्रॅक्टरला मागे टाकताना डाव्या हाताला फटकन काहीतरी बसलं. ड्रायव्हरने ऊस फेकून मारला! पुढे जाऊन त्याला अडवला.

“आबा, तुमीच घुसलासा की ट्रॉलीत! वर मलाच इचारताय?”

घ्या! करून सवरून उलट्या बोंबा. आणि एकटा तोच नाही. एक बाई सायकलवरून ओरडली, एक रिक्षावाला काहीतरी बोलून गेला. सगळे डावीकडून घुसतात. कोल्हापुरात उजवीकडून कोणी येतच नाही की काय!

१६ नोव्हेंबर, रविवार

डावा आरसा तडकलेला. आणि पुरावा मिळाला — डाव्या फूटरेस्टमध्ये उसाचं पान! आमच्या अंगणात ऊस कुठला? गुंडूच्या म्हशींना वैरणीला रोज उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, येतं. पान कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं, वर तारीख घातली.

जेवताना संघर्षला सांगितलं. तो म्हणाला, “आबा, कॅमेरा बसवू.” अक्षता, माझी सून, भात वाढता वाढता म्हणाली, “त्यापेक्षा एकदा डोळे दाखवून घ्या की, आबा. परवा डावीकडं ठेवलेला चहा तुम्ही सांडलासा.”

चहा तिने अगदी कडेला ठेवला होता म्हणून सांडला. चष्म्याचा नंबर फेब्रुवारीत तपासलाय. पेपरातली जाहीर नोटीस मी अजून चष्मा कपाळावर सरकवून वाचतो.

पण डोळ्यांचं तिने मध्येच का काढलं? राजारामपुरीत लॅबमध्ये काम करते. रोज केएमटीच्या बसला लोंबकळत जाते. घरात गाडी आहे ती माझी. लक्षात ठेवलं पाहिजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उद्यापासून शिवानी रिक्षाने शाळेत जाणार. अक्षताने ठरवून टाकलं. मला नुसतं कळवलं! “थोडे दिवसच, आबा. उसाची वाहनं हायत रस्त्यावर.”

शिवानी रडली. “मला आबाच्या मागंच बसायचंय. आबाला मी लागते.” मी तिला म्हटलं, उलटं आहे बाळ, तुला मी लागतो. तर आणखीच रडली.

मला फार वाईट वाटलं. हे फक्त इथेच लिहितो. आमची ही, शिवानीची आजी, जाऊन चार वर्षं झाली. दिवसभरात माझं म्हणावं असं एकच काम होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवसांत दोन ओरखडे! एक खाली, एक मागच्या बाजूला. दोन्ही डावीकडे.

आज बसून सगळ्या तारखा मांडल्या, पूर्वी केस मांडायचो तशा. शिवानी मागे असते त्या दिवसानंतर गाडीला काही झालेलं नसतं. ती नसते तेव्हाच होतं! रविवार, सुट्टी, आणि आता हे दोन दिवस. असल्या योगायोगावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

मग फायदा कुणाचा? पोरीला आधी गाडीवरून उतरवलं कुणी? गाडी खराब होतेय, आबांना जमत नाही, असं झालं की गाडी कुणाला मिळणार?

अक्षता.

सुनेबद्दल असं लिहायला नको वाटतं. सासू गेल्यावर तिने घर कसं धरून ठेवलं, मला ठाऊक आहे. पण पुरावा पुरावा असतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सापळा लावला. गाडीवर कव्हर. कव्हरच्या दोरीत तार ओवली आणि तारेला शिशाचं सील, मीटरला मारतात तसं, पक्कडीने दाबून. सील आणि पक्कड निवृत्तीच्या वेळी परत करायची राहून गेली होती. हे कुणाला सांगायचं नाही.

आता कव्हर काढायचं तर सील तुटणार. पुन्हा मारायला पक्कड माझ्या उशाखाली.

गुंडू बघत उभा होता. “सायेब, गाडीचं लाईट कनेक्शन तोडलासा व्हय?”

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडी बाहेर काढली नाही. सील शाबूत. ओरखडा नाही. घाबरले!

२४ नोव्हेंबर, सोमवार

सील तोडलं, बाजारात गेलो. गाडीवरून उतरलोच नाही. कोथिंबीर, वांगी हातात घेतली आणि परत. अंधार पडायला आला होता. थेट कव्हर, थेट सील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सील शाबूत. ओरखडा नवा.

तीनदा तपासलं. तार तीच, शिशावर माझ्याच पक्कडीची खूण. कव्हर कुठे फाटलेलं नाही. आणि आत, डाव्या बाजूला, हातभर ओरखडा! त्याच्यात पिवळा रंग.

अंगणातल्या पायरीवर बसलो. म्हणजे सील मारण्याआधीच होता. मी रोज गाडी सकाळी तपासतो. संध्याकाळी आलो की लावून मोकळा होतो. म्हणून वाटायचं की सगळं रात्री घडतं. काल दिवसभर गाडी कुणाकडे होती? माझ्याकडे. एक मिनिटही दुसऱ्याकडे नव्हती.

चालत बाजारापर्यंत गेलो. बाजाराच्या तोंडाशी लोखंडी खांब आहे, पिवळा. त्याच्यावर माझ्या गाडीचा निळा रंग लागलाय. ताजा. एक नाही, दोन ठिकाणी.

घरी आलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे सरळ बघत उभा राहिलो. दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवली. उजवी बोटं दिसली. डावी नाहीत. हात पुढे आणत गेलो. नाहीत. अजून पुढे. पार नाकासमोर यायला आला तेव्हा कुठे बोटं दिसली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

उसाचं पान गुंडूच्या म्हशींच्या वैरणीतलं नव्हतं. मी ट्रॉलीला घासून गेलो होतो. ड्रायव्हर खरं बोलत होता.

शिवानी रोज माझ्या मागे बसत होती!

२६ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत कार्यक्रम. शिवानीने एकदाही न अडखळता म्हटलं. ती रंगमंचाच्या डाव्या टोकाला होती. मला आधी फक्त तिचा आवाज आला. मान वळवली तेव्हा ती दिसली.

बाहेर आल्यावर अक्षताला म्हटलं, “डोळ्यांचा दवाखाना कुठला चांगला?” ती फक्त म्हणाली, “उद्या रजा टाकते.”

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्रात डोकं घालून बसवतात. ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकत नाही असं वाटलं, म्हणून म्हटलं, “मशीन बंद आहे का?” ती मुलगी म्हणाली, “नाही हो आजोबा, सुरू आहे.”

काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, वाचायला येतं, समोरचं दिसतं. कडेकडेने खातो. डॉक्टर म्हणाल्या, “गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली राखू. आणि गाडी आजपासून बंद.” मी म्हटलं, मी फार सांभाळून चालवतो. त्या म्हणाल्या, “चालवत असाल. पण डावीकडे काय आहे ते तुम्हाला कळतच नाही.”

घरी आल्यावर गाडीची चावी अक्षताच्या हातात दिली. “हेल्मेट घालायचं. रात्रभर चार्जिंगला लावायचं नाही. बोळाच्या तोंडाशी हॉर्न.” ती “व्हय आबा” म्हणाली आणि आत जाऊन रडली. मला ऐकू आलं. कान चांगले आहेत माझे.

एकवीस तारखेचं पान फाडावंसं वाटलं. त्या पानाची मला लाज वाटते. पण पंचनाम्याचं पान फाडत नाहीत. राहू दे. माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून राहू दे.

गुंडूकडे गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, “सोडा वो सायेब, दूध घेऊन जावा.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवानीला रिक्षापर्यंत चालत सोडलं. ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि बोट धरलं. बोळ आला तशी तिने बोट दोनदा दाबलं. मी थांबलो. डावीकडच्या बोळातून निघालेली मोटरसायकल समोरून गेली.

तेव्हा मला कळलं. “खांद्यावर पण तू हेच करत होतीस?”

“व्हय की. एक म्हंजे डावीकडं कोणतरी हाय. दोन म्हंजे थांबा. तुम्ही माझ्यावर वरडायचा, पण थांबायचा.”

“मग सांगितलं का नाहीस गं?”

“सांगितलं असतं तर मम्मीनं गाडी बंद केली असती.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपास्नं. ती म्हैस आडवी आल्यापास्नं.”

म्हैस? मला कुठलीच म्हैस आठवत नाही.