युद्धनौकेवरून मिळालेला चष्मा

३ मार्च
केवढी ती बोट! बोट कसली, राखाडी भिंत! सकाळी बंदराच्या तोंडाशी उभी दिसली आणि जाळी दुरुस्त करणाऱ्या आम्ही सगळ्याजणी सुया हातात धरून बघतच राहिलो. परदेशी आरमार म्हणे. चाच्यांना पकडायला आलंय. चाचे म्हणजे कोण, तर आमच्याच गल्लीतली पोरं!

४ मार्च
लांबू आला होता. पूर्वी तो आणि माझा धाकटा भाऊ एकाच होडीवर मासे धरायचे. आता लांबू माणसं धरतो. माळ्यावर शिडी ठेवून गेला — हलकी, वर दोन आकडे, जहाजाच्या कठड्याला अडकवायला. "भाऊ तयार झाला की कळव ताई."

मी अशी भडकले! तर भाऊ म्हणतो, "जाळं टाकायला समुद्र ठेवलाय का त्यांनी?" खोटं नाही ते. परक्यांची मोठी मासेमारी जहाजं येतात, तळापासून खरवडून नेतात, वर आमची जाळी फाडतात. तक्रार कुणाकडे करायची? सरकार कधीच बुडालं. आधी पोरं त्यांना नुसती हुसकावायची. मग दंड घ्यायला लागली. आता दिसेल ते जहाज पकडतात, खलाशी ओलीस ठेवतात. त्या खलाशांनाही बहिणी असतीलच की! मी शपथ घातली — गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.

९ मार्च
त्या बोटीवर जाऊन आले!! फुकट डोळे तपासत होते. नळ सोडला तर गोडं पाणी — समुद्राचंच, यंत्रातून काढलेलं. मी दोन पेले प्यायले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला. सोबत नेलेल्या जाळ्यातल्या माझ्याच हातच्या गाठी इतक्या स्पष्ट दिसल्या की रडू आलं.

मग एका अधिकाऱ्याने पडदा दाखवला. अख्खा समुद्र त्यात! प्रत्येक होडी म्हणजे एक हिरवा ठिपका. दुभाषी म्हणाला, "लहानात लहान होडीसुद्धा सुटत नाही." देवाला तरी इतकं दिसत असेल का?

१० मार्च
भावाला सगळं सांगितलं. शिडी घेऊन गेलास तर त्यांना दिसेल, जिवानिशी जाशील. सरळ जाळं घेऊन गेलास तर तेही दिसेल — कुणी केसाला धक्का लावणार नाही.

हसला. "ताई, तुझी गाठ आणि तुझा हट्ट, दोन्ही सुटत नाहीत."

त्याचं फाटकं जाळं काढलंय. नव्या चष्म्याने काम काय भराभर होतंय!

१४ मार्च
गेला. एकटाच, जाळं घेऊन. शिडी माळ्यावरच. किती हलकं वाटतंय आज.

१५ मार्च
आला नाही.

१७ मार्च
होडीचा पुढचा अर्धा भाग किनाऱ्याला लागला. मधोमध चिरलेला. भाऊ नाही.

१८ मार्च
पुन्हा त्या बोटीवर गेले. अधिकारी भला माणूस. त्याने टोपी काढली. पडद्यावर त्या दिवसाचं सगळं परत लावून दाखवलं. भावाचा ठिपका एका जागी, जाळं टाकून बसलेला. एक मोठा ठिपका सरळ त्याच्यावर आला. मासेमारी जहाज, दुभाषी हळूच म्हणाला. मग एकच ठिपका उरला. तो पुढे निघून गेला.

"हे तेव्हाच दिसलं होतं?"

दिसलं होतं. पण त्या जहाजांना अडवायचा हुकूम नाही. हुकूम फक्त चाच्यांना पकडायचा.

मी आ वासून पडद्याकडे बघत राहिले, पहिल्या दिवशी बघितलं तशीच. एवढं दिसतं यांना! एवढं सगळं! त्याने पाणी आणून दिलं. मी पेला तसाच परत दिला.

२१ मार्च
लांबू शिडी न्यायला आला. वरची पायरी सैल झाली होती. थांब म्हटलं. चष्मा लावला आणि बांधून दिली. माझी गाठ सुटत नाही.