नऊवर सोडलेला माणूस

४ ऑगस्ट
निवड झाली! विद्यापीठाच्या व्यसन-संशोधन प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी हेडफोन मिळाला. पीएच.डी. करता करता केस पिकलेला एक सीनियर आहे, त्याला सगळे आजोबा म्हणतात. त्याने काम दाखवलं. खोलीत सोफा, टेबल, दारूची उघडी बाटली. दारू सोडलेला माणूस तिथे बसतो. एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेमागून मी माइकवर विचारायचं: तलफ किती, शून्य ते दहा? मग बाटली खोलीतून बाहेर न्यायची, तलफ उतरेपर्यंत गप्पा मारायच्या. आकडा दोनवर आल्याशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही. चढवलेलं आपणच उतरवायचं, आजोबा म्हणाला.

घरी धाकट्या भावाला सांगितलं. दारू सोडल्यापासून तो माझ्याकडे राहतो. म्हणाला, वा ताई, कधी थेंब चाखला नाहीस आणि बेवड्यांचे पेपर तपासणार! खूप दिवसांनी हसला.

११ ऑगस्ट
माइक तपासताना रिकाम्या खोलीलाच प्रश्न विचारला. हेडफोनमध्ये कुणीतरी दमलेल्या आवाजात नऊ म्हणालं.

आजोबाला गंमत म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी एका ट्रक ड्रायव्हरला घाईघाईत नऊवरच सोडलं होतं. तो फाटकाबाहेर मेला. पिऊन नव्हे, नुसताच मेला.

१८ ऑगस्ट
प्रोफेसरबाई माझं काम बघायला बसल्या आणि ठरलेला माणूस फिरकलाच नाही. माझा विसरलेला चष्मा द्यायला धाकटा आला होता. म्हणाला, मी बसतो, तुझी अब्रू वाचेल.

मी बसू दिलं.

एक म्हणाला. पुन्हा एक. मग नऊ. तोंड त्याचं, आवाज त्याचा नाही. मी आत जाऊन बाटली बाहेर नेली, बोलत राहिले. अचानक हसला, म्हणाला, शून्य, झालं समाधान? मला ते खरं हवं होतं. सोडलं.

१९ ऑगस्ट
सकाळी खोलीला विचारलं. उत्तर नाही. तिथे कुणीच नाही आता. घरी पळाले.

धाकटा खुर्चीत. हात समोर, स्टिअरिंग धरल्यासारखे. त्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. मला मॅडम म्हणाला. उतरवा, म्हणाला.

२० ऑगस्ट
दाराला कुलूप. त्याच्यासमोर बसून बोलते आहे. आईचं विचारलं, ओळख नाही. मुलाबाळांचं विचारलं, तर आपल्या मुलींबद्दल भरभरून बोलला. धाकट्याचं लग्नही झालेलं नाही.

आठ. सहा. उतरतोय.

नंतर
चार. श्वास मंद झालाय. आकड्याबरोबर श्वासही—

तीन. ओठ निळे. याला उतरवलं तर धाकटाही—

थांबले. तो थांबत नाही. आपणहून म्हणाला, दोन.

छाती हलत नाही. चढवायला हवं—

धावत जाऊन खालच्या दारूच्या दुकानातून बाटली आणली. नाकाशी धरली. पाच. श्वास आला. रंग आला. डोळे उघडले, म्हणाला, ताई. धाकट्याचाच आवाज, अगदी त्याचा. एकच घोट दे ना, ताई, नाहीतर परत—

ग्लास भरला. त्याच्या ओठांशी नेला—

तो प्यायला तर तलफ भागून आकडा शून्य— न प्यायला तर—

ताई म्हणतोय. ताई, लवकर. ओठ पुन्हा निळे. आकडा एक म्ह—