तिकिटाची खाच

टोकियो, जानेवारी अखेर

प्रिय मित्सुए,

नवीन वर्षाचे मोची, ते तांदळाचे चिकट लाडू, खायला म्हणून गावी गेलीस, ती तिकडेच अडकलीस. इकडे स्टुडिओत पुढच्या सिनेमासाठी आगगाडीचा डबा उभा राहिलाय आणि त्यात ठेवायचं सामान जमवणारी तूच नाहीस. दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, ठरवलंय म्हणे, की सिनेमाची नोकरी पुरे, वसंतात त्या सोयाबीनची मिसो बनवून विकणाऱ्यांच्या घरी सून म्हणून जायचं, आणि त्यांना असलं काम चालायचं नाही. मुलगा चांगला आहे असं ऐकतो. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण तुला काय हवंय हे कुणी विचारलं का, ते मला कळलेलं नाही.

माझं म्हणशील तर मी सिनेमातला कायमचा प्रवासी. इतकी वर्षं लाकडी डब्यात बसतोय, बाहेरून चार जण तो बांबूने हलवतात आणि मी आजवर कुठेही पोहोचलेलो नाही. तू यायच्या आधी आमच्या हातात चहाची मातीची किटली द्यायचे ती रिकामी. आम्ही आपले फुंकर मारून मारून हवा प्यायचो. तू पहिल्याच आठवड्यात तिच्यात उकळता चहा भरलास. माझी बोटं पोळली आणि मी ओरडलो, "अगं, काकाला मारतेस का?" तू शांतपणे म्हणालीस, "गाडीतला चहा पोळतोच, काका. आता फुंकर खरी मारा." सगळा डबा हसला, आणि दिग्दर्शकांनी त्या दिवशी माझी फुंकर पहिल्या फटक्यात पास केली.

खरं सांगतो, तुझं काम बघून मला फार अभिमान वाटतो. सिनेमा काढतात उलटसुलट, उतरायचं आधी आणि चढायचं मागून. प्रवास कुठवर आलाय हे आम्हा नटांच्या ध्यानात राहत नाही, तुझ्या खिडकीतल्या संत्र्यांच्या सालींवरून कळतं. तळाची सुकलेली, वरची ओली. बोगदा होऊन गेला असेल तर काजळी फक्त खिडकीकडच्या कॉलरवर. आणि टेबलाखालचं ते बाटली उघडायचं लोखंडी कडं! कॅमेरा तिथे जाणारच नव्हता, पण तू हटून बसलीस. सुतार कुरकुरला, "टेबलाखाली काय तुझी सासू बघायला येणारे?" मग प्रसंगात नायिका संवाद विसरली. तिने गोंधळून बाटली उचलली, न बघता टेबलाखाली नेली आणि टोपण उडवलं. त्या एका हालचालीने ती नटी राहिलीच नाही, रोज त्या गाडीने जाणारी बाई झाली. सुताराने पुढे स्वतःहून सगळ्या टेबलांना कडी ठोकली.

तिकिटाचं मात्र तुझ्याशी कधी बोललो नाही. गेल्या वर्षीच्या सिनेमात तपासनीस येतो आणि मी तिकीट पुढे करतो, एवढंच माझं काम होतं. कॅमेरा लांब, कोरं तिकीटही खपलं असतं. तू दिलेलं तिकीट मी सहज बघितलं, तर कडेला पायरीसारखी खाच. गेटवर चिमट्याने पाडतात ती खाच प्रत्येक स्टेशनची निराळी, आणि ही आपल्या गावची. मी नट व्हायला घर सोडलं तेव्हा कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. गेटवर दादाच उभा होता, नुकताच रेल्वेत लागलेला. त्याने मान वर न करता माझ्या तिकिटाला ती खाच पाडली आणि परक्याला म्हणावं तसं म्हणाला, "पुढे चला." ते सगळं आठवलं आणि तिकीट माझ्या हातून सुटेना. तपासनीस झालेला नट ओढतोय, ओठांतल्या ओठांत "अहो, सोडा की!" म्हणतोय, आणि माझे डोळे भरलेले. पडद्यावर तेच आलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. दादाने मला कळवलं, "पोरगी तुझंच ऐकते. तिला समजाव आणि नोकरी सोडायला लाव." मी हो म्हटलं, कारण दादाला नाही म्हणायची माझी कधी छातीच झाली नाही. घरात आलेलं प्रत्येक पत्र तो आधी फोडतो, हेही मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा दादा, हे तूच वाचतोयस. तो सिनेमा पाहून तू मला लिहिलं होतंस, "तिकिटाच्या प्रसंगात तू खरा वाटलास." आयुष्यात तू माझं तेवढं एकदाच कौतुक केलंस आणि मी ते स्टुडिओभर मिरवलं. पण ते काम माझं नव्हतं रे, तुझ्या लेकीचं होतं. तिचं तिला ठरवू दे. आणि ती इकडे यायला निघाली, तर या वेळी गेटवर मान वर कर आणि तिच्याशी बोल.

तुम्हा दोघांचाच,
गिनपेइ