चाळिसावी वही

५ जून
पर्यावरण विषय माझ्याकडे आला. बाकीच्या शिक्षकांनी अंग काढून घेतलं म्हणून नव्हे, लायकी बघून. संकल्प: वर्षभरात शाळेचा कायापालट. सातवीला प्रोजेक्ट दिला, शाळेच्या विहिरीचं रोज निरीक्षण. आमची धाकटी याच वर्गात. घरी बाबा, शाळेत सर.

९ जून
मुलांना निरीक्षण जमेना. नमुना उत्तर फळ्यावर लिहून दिलं: 'पाणी स्वच्छ, रंगहीन व गंधहीन आहे.' एकोणचाळीस वह्या एकसारख्या! चाळिसावी आमच्या धाकटीची. 'पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. बेडूक दिसेनासे झाले.' नमुन्यात बेडूक नाहीतच. लाल शाईने खोडलं. घरची म्हणून सवलत नाही.

१२ जून
पुन्हा तेच. 'पाण्यावर तवंग. कुंपणापलीकडच्या रंगाच्या गोदामातलं पिंप गळतंय.' पुन्हा खोडलं. शिपाईमामाही म्हणाले, सर, विहिरीचं पाणी चढवतो त्या पिण्याच्या टाकीवर हल्ली कावळासुद्धा बसत नाही. म्हटलं, तुम्ही घंटा सांभाळा. मी घरून पाण्याचा थर्मास नेतो तो घशासाठी. त्याचा इथे संबंध नाही.

१६ जून
सातवीत अकरा गैरहजर. पोटाची साथ. पोरं वाटेल ते खातात. धाकटीचंही पोट दुखतंय. ही म्हणाली, आज नका नेऊ तिला. नेली. परवा इन्स्पेक्शन आहे. साहेबांसमोर विहिरीचं पाणी पिऊन दाखवायचा मान तिलाच देणार. डोक्यातलं खूळही जाईल.

१८ जून
साहेब खूश! शेरा: 'अनुकरणीय उपक्रम.' धाकटीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेला रिकामा केला. टाळ्या. मीही पिणार होतो, पण साहेबांना खुर्ची हवी होती.

१९ जून, दुपार
दवाखाना. धाकटीला सलाईन. ती डोळे उघडत नाही. मला भीती वाटते.
डॉक्टर म्हणाले, पाणी कधीपासून बिघडलंय, वास कसला, सगळं तारखेनिशी सांगा, त्यावर उपचार ठरतील. मी एकोणचाळीस वह्या घेऊन धावलो होतो. गंधहीन, गंधहीन, गंधहीन. डॉक्टरांनी त्या बाजूला सारल्या. हिने पिशवीतून चाळिसावी काढली.
लाल रेघांखालचं डॉक्टरांना लागेना. मीच वाचून दाखवलं. वास. बेडूक. तवंग. पिंप. शेवटच्या नोंदीला मात्र वही डॉक्टरांकडे सरकवली. ती खोडायची राहून गेली होती.
'१७ जून. सर हे पाणी पीत नाहीत.'