चार हाका

सोमवार, ३ फेब्रुवारी

बोर्ड गेला! बावीस वर्षं ज्याच्यासमोर बसून "नमस्कार, हॉस्पिटल" म्हटलं, तो टेलिफोनचा बोर्ड दोन माणसांनी दहा मिनिटांत उचलून नेला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय. प्रत्येकाच्या खिशात फोन असताना ऑपरेटर कशाला हवी? बरोबरच आहे. पण माझी खुर्ची नेली ती उशीसकट! उशी घरची होती.

प्रशासक मॅडमनी बोलावलं. "तळघरात संगणक मदत कक्ष आहे. तिथे शिका. अठ्ठावीसला परीक्षा. पास झालात तर तिथेच राहाल." नापास झाले तर काय, हे सांगितलं नाही, नुसत्या हसल्या. म्हणजे पंचवीस दिवस. नाहीतर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी.

तळघरात, धुलाई विभागाला लागून एक खोली. आत एकच माणूस. पन्नाशी केव्हाच उलटलेला, दुखरा गुडघा, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. अख्खं हॉस्पिटल त्याला खडूस म्हणतं. मी तोंडावर सर म्हणणार. इथे डायरीत मास्तर.

"बाई, संगणक येतो?"
"चालू करता येतो."
"बंद?"
"तोही येतो."
"मग अर्ध्या तक्रारी तुम्हीच सोडवाल."

हसले नाहीत. म्हणजे विनोद नव्हता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मास्तरांनी माझा माऊस काढून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं! "हातात काठी असली की माणूस पाय वापरत नाही." एक काळी खिडकी उघडली. तिच्यात पांढरी रेघ लुकलुकत होती. चित्र नाही, बटण नाही. आपण टाईप करायचं आणि ती उत्तर देणार. एक अक्षर चुकलं की अशी काही खेकसते, की तिला मास्तरांनीच शिकवलं असावं.

पहिला शब्द — आयपीकॉन्फिग. म्हणजे "बाई गं, तुझा पत्ता काय?" मशीन आपला नंबर सांगतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "एवढ्यासाठी टाईप कशाला करायचं? तोंडाने विचार की." हा माणूस शाळेत विज्ञान शिकवतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पिंग! हे मला येत होतं. बावीस वर्षं हेच तर केलं. दूरच्या मशीनला चार हाका मारायच्या, आहेस का, आहेस का, आणि उत्तर किती वेळात आलं ते बघायचं. चार गेल्या, चार आल्या — ठीक. चार गेल्या, शून्य आल्या — तिकडे कोणीतरी मेलंय किंवा रुसलंय.

मास्तर म्हणाले, क्रम चुकवायचा नाही. आधी स्वतःच्याच मशीनला हाक मारायची. मग गेटवेला, म्हणजे ज्या दारातून सगळं बाहेर जातं त्याला. मग बाहेरच्या जगाला. "लोक आधी जगाला शिव्या देतात आणि वायर त्यांच्याच पायाखाली निघते." काखेत कळसा! चारवर न थांबता हाका चालूच ठेवायच्या असतील तर शेवटी आडवी रेघ आणि टी लावायचा. मग आपण थांबवेपर्यंत ती हाका मारत राहते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ट्रेसर्ट. निरोप कुठून कुठून फिरत जातो, ते टप्प्याटप्प्याने दाखवतं. सासूबाईंचा निरोप माझ्यापर्यंत नणंद, मोठे दीर आणि नवरा अशा तीन टप्प्यांनी येतो, आणि नवऱ्यापाशी अडकतो. हे कळायला मला कमांड लागली नव्हती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मी एक तक्रार सोडवली. मी!

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन. "इंटरनेट मेलंय!" मी वर जाऊन त्यांच्या मशीनवर बसले आणि क्रमाने गेले. स्वतः — ठीक. दार — ठीक. बाहेर नंबराने हाक मारली — ठीक. नावाने मारली — गप्प. म्हणजे रस्ता आहे, पण नावावरून नंबर सांगणारा झोपलाय. एनएसलुकअप टाकून खात्री केली. त्या मशीनला जुन्याच डिरेक्टरीचा पत्ता दिलेला होता. अहो, सहाशे बारा एक्स्टेन्शन माझ्या तोंडपाठ होती, डिरेक्टरीचं दुखणं मला नाही कळणार?

मास्तर म्हणाले, "हं."

दुसऱ्या कुणी दिला असता तर त्याला मी हुंकार म्हटलं असतं. पण सिस्टर सांगत होत्या की सात वर्षांत त्यांना मास्तरांकडून असा एक 'हं'ही मिळालेला नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लिहायलाही लाज वाटते.

रक्त तपासणीची लॅब समोरच्या इमारतीत. तिथलं मशीन अडत होतं. मास्तर म्हणाले, इथूनच त्यात शिरा, पत्ता सोडायला लावा आणि नवा घ्या. मी शिरले. त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर, एकदम ऐटीत! रिलीज टाईप केलं. एंटर.

पडदा गोठला.

अर्थातच गोठला! मी त्या मशीनमध्ये त्याच्या पत्त्यावरूनच शिरले होते. त्यालाच सांगितलं, पत्ता सोड. त्याने सोडला. आता नवा पत्ता घे हे सांगायला जाणार कुठून? ज्या फांदीवर बसले होते तीच मी स्वतःच्या हाताने, शुद्धलेखनाची एकही चूक न करता कापली. दोन्ही आज्ञा एका ओळीत एकामागोमाग द्यायच्या असतात. कालच वहीत लिहिलं होतं, खाली रेघ मारून!

अठ्ठावीस रिपोर्ट अडकले. लॅबची बाई फोनवर जे बोलली ते मी बोर्डवर असते तर मध्येच कापलं असतं.

मास्तर उठले, किल्ल्या घेतल्या आणि तो गुडघा ओढत समोरच्या इमारतीत गेले. लिफ्ट बंद होती. अर्ध्या तासाने आले, घामाघूम. तक्रारवही उघडली. 'कारण' या रकान्यात काहीतरी लिहिलं, सही केली आणि वही मॅडमकडे पाठवून दिली.

झालं. माझं नाव तिथे पोचलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "चुकतो तोच शिकतो." त्याला म्हटलं, आज चहा तू कर आणि शिक.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मॅडम स्वतः तळघरात उतरल्या होत्या. मी दाराशी पोचले तेव्हा मास्तरांना म्हणत होत्या, "अजून वेळ आहे. विचार करा." मास्तर म्हणाले, "परीक्षा होऊ दे." मला बघताच मॅडम जिन्याकडे वळल्या.

म्हणजे परीक्षेआधीच मला काढायचं चाललंय, आणि मास्तरांना मात्र ते रीतसर, नापास करून हवंय! परीक्षक तेच. खडूस म्हणतात ते उगाच नाही.

आणि वर हमाली! सगळ्या कपाटांतल्या सगळ्या वायरी माझ्याकडून लिहून घेतायत. कुठली कुठून कुठे जाते, कुठला स्विच तापतो, कुठल्या कपाटाचं दार उचलून उघडायचं. "हे परीक्षेला आहे?" "नाही." "मग?" "लिहा." बरोबर आहे, फुकटची कारकून मिळालीय. हाताला घट्टा पडला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नेट युजर. कर्मचाऱ्याचं खातं उघडणं, बंद करणं, पुसणं.

मी म्हटलं, बंद काय नि पुसलं काय, एकच. मास्तर एकदम चिडले. एक खोटं नाव घेऊन खातं उघडलं, त्याच्या नावाने एक फाईल ठेवली, खातं पुसलं. मग त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने पुन्हा उघडलं. "आता ती फाईल उघडा." उघडेना! परवानगी नाही म्हणे.

"नाव तेच असलं तरी मशीनच्या लेखी तो दुसराच माणूस. कुणी गेलं की नुसतं बंद करायचं, बाई. पुसायची घाई करायची नाही."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नवरा कागदाचे तुकडे करून परीक्षा घेतोय. "नेटस्टॅट?" आत्ता कोण कुणाशी बोलतंय, ते सांगतं. "म्हणजे आपल्या शेजारच्या काकू!" पुढचे तीन प्रश्न त्याच्या हसण्यात गेले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तक्रारवही मॅडमकडून परत आली. मास्तर वरच्या मजल्यावर गेले होते. राहवलं नाही, तेरा तारखेचं पान काढलं.

कारण: केबल सैल होती. बसवली. खाली त्यांची सही.

सही केल्यावर शाई थोडी पसरलीय. मी ते पान तीनदा वाचलं. दहा दिवस ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माझ्यासाठी तक्रारवहीत खोटं लिहून बसलाय. मला रडू आलं, आणि धुलाईवाल्या बाईला वाटलं संगणक बिघडला.

ते आले तेव्हा म्हटलं, "सर, त्या दिवशी केबल—" तर म्हणाले, "टाईप करा."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पास! पास! पास!

सात प्रश्न. शेवटचा कँटीनच्या मशीनचा. त्यात मास्तरांनी मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. मी आधी स्वतःला हाक मारली, मग दाराला. दारच गप्प. उठून भिंतीपाशी गेले, वायर अर्धी निघालेली. पायाखालीच! मास्तरांनी कागदावर आकडा लिहिला आणि तो घेऊन मॅडमकडे स्वतः गेले. मॅडमनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, पण हसल्या नाहीत. आश्चर्यच.

खाली येऊन बघते तर मास्तर घरी गेलेले. आभार मानायचे राहिले. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर, माऊसही कपाटातून काढून ठेवलेला. किल्ल्या विसरले वाटतं. सोमवारी देते.

सोमवार, ३ मार्च

माझ्या नावावरची पहिली तक्रार, मॅडमच्या कार्यालयातून. खालील कर्मचाऱ्याचं खातं आजपासून काढून टाकावं. खाली मास्तरांचं नाव.

सोबत आदेश. मदत कक्षात एकच पद राहील. टेलिफोन ऑपरेटर परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास ते तिला, अन्यथा सध्याचे कर्मचारी कायम. तारीख एकतीस जानेवारी. तळाशी 'वाचले', आणि तीच शाई पसरलेली सही.

मी यायच्या आधीची!

काढून टाका म्हणतात. मी नुसतं बंद केलं. पुसलं नाही. काळी खिडकी म्हणाली, काम यशस्वीपणे पूर्ण झालं.

मग त्यांच्या घरी फोन लावला. चार वेळा. चार गेल्या, शून्य आल्या. आता पाचव्यांदा लावतेय.